विद्या उपसून विकण्याचा धंदा

व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे. माल चोरीस जातो, दुकान जळते, उधारी बुडते. परंतु अंगी बाणलेला हिशेब, मालाची पारख आणि गिऱ्हाईक ओळखण्याची नजर कोणालाही काढून नेता येत नाही. विद्या दिल्याने वाढते, असे म्हटले जाते ते याच अनुभवावरून. अलीकडे मात्र असे एक जग निर्माण झाले आहे, जेथे नेमका उलटा व्यवहार चालतो. तेथे पात्राने कमावलेले कौशल्य त्याच्या डोक्यातून उपसता येते, बाजारात मांडता येते, आणि विकणाऱ्याकडे तेवढे कौशल्य मागे उरत नाही. या धंद्याला तेथे ‘स्किल फार्मिंग’, म्हणजे कौशल्याची शेती, असे नाव आहे. हे जग एका ऑनलाइन खेळाचे आहे. तरीही त्यातील जमाखर्च दुकानाच्या वहीइतकाच रोखठोक असल्याने तो व्यापारी नजरेने तपासण्याजोगा आहे.

या खेळाचे नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने तो मे २००३ मध्ये सुरू केला. खेळाडू ‘न्यू ईडन’ नावाच्या कल्पित तारामंडळात अवकाशयाने चालवतात, खनिजे काढतात, कारखाने उभारतात, लढाया करतात आणि मुख्यतः व्यापार करतात. त्या जगातील बहुतेक याने आणि शस्त्रे खेळाडूच बनवतात व खेळाडूच विकत घेतात. जिता नावाची एक बाजारपेठ तेथे इतकी गजबजलेली आहे की तिच्या भावावरून इतर ठिकाणचे भाव ठरतात. चलनाचे नाव ‘इस्क’. आइसलँडच्या खऱ्या चलनाची आंतरराष्ट्रीय खूणही तीच अक्षरे आहेत. बाजारात माल विकताना दलाली आणि विक्रीकर द्यावा लागतो. ‘अकाउंटिंग’ ही विद्या शिकलेल्या पात्राला विक्रीकर कमी पडतो, ही गंमत व्यापारी वाचकांना विशेष रुचेल. या बाजाराचा व्याप पाहून कंपनीने २००७ मध्ये एयॉल्फर ग्वुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली होती. पुढे ते आइसलँडमधील अकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. खेळाच्या बाजारातील उत्पादन, उलाढाल आणि चलनवाढ यांचे अहवाल कंपनी आजही प्रसिद्ध करते.

घड्याळावर पिकणारे पीक

या खेळात कौशल्य सरावाने वाढत नाही. ते घड्याळाने वाढते. खेळाडूने विद्यांची एक रांग लावून द्यायची आणि संगणक बंद करून झोपी जायचे. पात्र रात्रंदिवस शिकत राहते आणि त्याच्या खाती कौशल्यगुण जमा होत जातात. प्रत्येक विद्येच्या पाच पायऱ्या असतात. साध्या विद्येची पहिली पायरी २५० गुणांत चढता येते. पाचवी गाठेपर्यंत एकूण २,५६,००० गुण लागतात. प्रचंड युद्धनौका चालवण्याच्या विद्येला याच्या १६ पट गुण लागतात. त्यामुळे नवा खेळाडू जुन्याच्या बरोबरीला येण्यास वर्षे लागत. पैसा असूनही ती वर्षे विकत घेता येत नसत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने ही अडचण दूर केली. तिने दोन वस्तू बाजारात आणल्या. पहिली ‘स्किल एक्स्ट्रॅक्टर’. ही रिकामी कुपी पात्राच्या डोक्यातून ५ लाख गुण उपसून घेते. भरलेल्या कुपीला ‘स्किल इंजेक्टर’ म्हणतात. ती विकत घेऊन दुसऱ्या पात्रास टोचली की ते गुण त्याचे होतात. रिकाम्या कुप्या तयार करण्याचा मक्ता केवळ कंपनीकडे आहे. उपसण्यासाठी पात्राकडे किमान ५५ लाख गुण असावे लागतात, म्हणजे उपसून झाल्यावरही ५० लाख शिल्लक राहतात. विहिरीचे पाणी तळापर्यंत ओढू द्यायचे नाही, असाच हा नियम आहे.

धान्य एका गोदामातून दुसऱ्यात नेताना घट येते. येथेही ती येते, आणि घेणाऱ्याच्या श्रीमंतीप्रमाणे वाढत जाते. ज्याच्याकडे ५० लाखांहून कमी गुण आहेत, त्यास कुपीतील पूर्ण ५ लाख मिळतात. ५० लाख ते ५ कोटी असणाऱ्यास ४ लाख, ५ कोटी ते ८ कोटी असणाऱ्यास ३ लाख आणि त्यापुढच्यास फक्त दीड लाख. म्हणजे सर्वांत संपन्न गिऱ्हाइकाच्या हाती शंभरातील तीसच गुण पडतात. बाकीचे हवेत विरतात. तरीही कुप्या विकल्या जातात. पैसा गाठीशी असलेल्यास वाट पाहण्याचे कष्ट नको असतात, हे या बाजाराचे पहिले सूत्र आहे.

वहीत मांडलेला जमाखर्च

या शेतीचे उत्पन्न नेमके काढता येते. पात्राच्या शिकण्याचा वेग त्याच्या दोन उपजत गुणधर्मांवर अवलंबून असतो. हे गुणधर्म पूर्णपणे एका जातीच्या विद्यांकडे वळवले, तर तासाला २,२५० गुण मिळतात. वर सर्वोत्तम ‘इम्प्लांट’ बसवले, तर तासाला २,७००. तीस दिवसांच्या ७२० तासांत हे १९,४४,००० गुण होतात. म्हणजे महिन्याला सुमारे ३.८९ कुप्या. इम्प्लांट नसल्यास ३.२४. इम्प्लांट ही खताची गुंतवणूक झाली. परंतु पात्र मारले गेले की ते नष्ट होतात. म्हणून अशी पात्रे बहुधा बंदरात नांगर टाकूनच पडून असतात. ती लढत नाहीत, हिंडत नाहीत. त्यांच्यासाठी विद्या निवडतानाही ती उपयोगी पडेल का हे कोणी पाहत नाही. त्या जातीच्या विद्येत शिकण्याचा वेग सर्वाधिक आहे, एवढेच पाहिले जाते. शिकायचे ते उपसण्यासाठीच.

आता खर्च. पूर्ण वेगाने शिकण्यासाठी पात्राला ‘ऑमेगा’ हा सशुल्क दर्जा लागतो. नोव्हेंबर २०१६ पासून फुकट खेळण्याची सोय आहे; पण फुकट खेळणाऱ्याचे पात्र निम्म्या वेगाने शिकते आणि ५० लाखांपाशी थांबते. ऑमेगाचे शुल्क खऱ्या पैशांत भरता येते किंवा ‘प्लेक्स’ या वस्तूच्या ५०० नगांत. प्लेक्स कंपनी खऱ्या पैशांना विकते, आणि खेळाडू ते खेळातील बाजारात इस्क घेऊन एकमेकांना विकतात. ज्याच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही, तो प्लेक्स विकतो. ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही, तो घेतो. कौशल्याची शेती करणारा बहुधा खेळात कमावलेल्या इस्कमधूनच प्लेक्स घेतो, आणि शेतीतून निघालेल्या इस्कने पुढच्या महिन्याचे प्लेक्स भागवण्याची उमेद बाळगतो.

भाव रोज हलतात, म्हणून उदाहरणापुरते आकडे घ्यावेत. भरलेल्या कुपीचा विक्रीभाव १००, रिकाम्या कुपीची खरेदी ४०, दलाली व कर मिळून विक्रीच्या ५ टक्के आणि ऑमेगाचा महिन्याचा खर्च १८० धरावा. महिन्याची विक्री ३८८.८. त्यातून रिकाम्या कुप्यांचे १५५.५, दलाली-कराचे १९.४ आणि ऑमेगाचे १८० वजा जाता नक्त नफा सुमारे ३४ उरतो. विक्रीभाव १०० चा ९० झाला, तर विक्री ३४९.९ वर येते आणि ३४ च्या नफ्याऐवजी ३ चा तोटा दिसू लागतो. भावातील दहा टक्क्यांची मंदी संपूर्ण नफा गिळून वर मुद्दलास हात घालते. किराणा-भुसाराच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. उलाढाल मोठी, पण पडता आणि विक्रीभाव यांतील फट बारीक; अशा धंद्यात खरेदी चुकली की वर्ष चुकते.

आणखी एक खर्च नवखे शेतकरी वहीत लिहीतच नाहीत. तळाचे ५० लाख गुण कधीच बाहेर निघत नाहीत. ते अडकलेले भांडवल होय. पूर्ण वेगाने शिकूनही ते भरण्यास सुमारे ७७ दिवस लागतात, आणि तेवढे दिवस ऑमेगाचे शुल्क चालूच असते. वरील उदाहरणाप्रमाणे हा खर्च सुमारे ४६२ होतो. महिन्याला ३४ चा नफा धरला, तर तेवढाच भरून निघण्यास जवळपास चौदा महिने लागतील. सुरुवातीस फुकट मिळणारे थोडे गुण वजा केले तर हा काळ काहीसा कमी होतो. इम्प्लांटचा खर्च मिळवला तर पुन्हा वाढतो. आणि तोपर्यंत भाव पडणार नाही, याची हमी कोणी देत नाही.

नफा बारीक म्हणून खाती वाढवायची, हा पुढचा स्वाभाविक विचार. एका खात्यात तीन पात्रे ठेवता येतात. मात्र दुसऱ्या-तिसऱ्यास एकाच वेळी शिकवायचे तर त्याचा स्वतंत्र आकार पडतो. काही खेळाडू दहा-वीस खाती बाळगतात. उदाहरणातल्या भावाने दहा खात्यांचा महिन्याचा नफा सुमारे ३३८ होतो. एवढ्यात आणखी दोन खात्यांचे ऑमेगाही धड भागत नाही. ऑमेगाचे १८० म्हणजे २० डॉलर धरले, तर एका खात्यामागे महिन्याची मिळकत पावणेचार डॉलर येते. तीही डॉलरच्या रूपाने हाती पडत नाही.

आत जाणारे दार

हा या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. खऱ्या पैशाने प्लेक्स घेता येतात आणि प्लेक्स विकून इस्क मिळते. परंतु इस्क देऊन खरा पैसा घेणे कंपनीच्या नियमांनी निषिद्ध आहे. असे करणाऱ्याचे खाते कायमचे बंद होऊ शकते. दार आत उघडते, बाहेर उघडत नाही. म्हणून या शेतीतील ‘कमाई’ हा शब्द जपून वापरावा. चोखपणे चालवलेल्या शेतीतून खेळाडूला मिळते ते खेळण्याचे शुल्क वाचवण्याचे साधन. खर्चात बचत झाली, हे म्हणता येईल. घरात उत्पन्न आले, असे म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा राज्यकर्त्याचा. खऱ्या बाजारात सरकार कर लावते. पण पाऊस, पीक आणि गिऱ्हाइकाची गरज सरकारच्या हाती नसते. येथे सर्व काही एकाच पेढीच्या हाती आहे. रिकाम्या कुपीची किंमत तीच ठरवते, कर तीच ठरवते, खनिजांची आवकही तीच ठरवते. २०२० च्या सुमारास कंपनीने खनिजांची आवक मुद्दाम घटवली आणि याने बांधण्याचा खर्च चढला. मे २०२२ मध्ये ऑमेगाचे मासिक शुल्क १४.९५ डॉलरवरून १९.९९ डॉलर झाले. म्हणजे एकदम सुमारे एक तृतीयांश वाढ. ज्या पेठेत दुकानाचे भाडे, तराजू, माल आणि नाणे एकाच मालकाचे आहे, तेथे व्यापाऱ्याने आपला नफा मालकाच्या मर्जीवर टिकून आहे हे ध्यानात ठेवलेले बरे.

तिसरा मुद्दा विश्वासाचा. खेळाच्या आत दुसऱ्यास फसवणे या जगात नियमबाह्य नाही. जिताच्या बाजारात एका शून्याने किंमत फुगवून करार पुढे सरकवणारे नेहमीचेच. २००९ मध्ये तेथील एक गाजलेला प्रसंग घडला. खेळाडूंनीच चालवलेली ‘ईबँक’ नावाची पेढी ठेवी घेत असे, व्याज देत असे, कर्जे वाटत असे. तिच्या प्रमुखानेच सुमारे २०० अब्ज इस्क उचलले आणि घरच्या अडचणीपायी ते बाहेर खऱ्या पैशांना विकले. बातमी फुटताच ठेवीदारांची रीघ लागली. पुढे पेढीने ठेवी गोठवल्या, आणि बुडीत कर्जांचा खड्डा चोरीहून मोठा असल्याचे दिसून आले. कंपनीने त्या प्रमुखाचे खाते बंद केले. मात्र ठेवी लुबाडल्याबद्दल नव्हे, तर इस्क बाहेर विकल्याबद्दल. पत म्हणजे काय, आणि ती राखणारा कायदा व समाज मागे नसेल तर ठेवीचे काय होते, याचा यापेक्षा स्पष्ट धडा शोधूनही सापडणार नाही.

जेथे खेळ पोटाशी जोडला गेला

काही देशांत अशा शेतीवर खरोखर चुली पेटल्या. व्हेनेझुएलात चलनाची धूळधाण झाली त्या वर्षांत कित्येक तरुण ‘रनस्केप’ या इंग्लंडमधील खेळात दिवसभर ड्रॅगन मारून सोने जमवीत आणि ते बाहेर डॉलरला विकत. खेळातील सोने त्यांच्या देशाच्या नाण्यापेक्षा भरवशाचे ठरले होते. नियमांत हे बसत नसल्याने खाते केव्हाही बंद होण्याची टांगती तलवार होती. शिवाय २०१७ मध्ये इतर काही खेळाडूंनी या गरिबांना हुडकून मारण्याचाही खेळ मांडला होता.

फिलिपीन्समध्ये २०२१ साली ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या खेळाची लाट आली. त्यात शिरण्यासाठी तीन आभासी प्राणी विकत घ्यावे लागत. ज्यांना ते परवडत नसत, त्यांना मालक आपले प्राणी खेळायला देत आणि मिळकतीतून वाटा घेत. ही उघड बटाईची शेती होती. येथे दार बाहेरही उघडत होते, म्हणून माणसे नोकऱ्या सोडून आली. पण मिळकत ज्या नाण्यात होती, त्याची आवक रोज वाढत होती आणि ते खर्चण्याची गरज तेवढी वाढत नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यात तीस सेंटच्या वर गेलेले ते नाणे पुढच्या वर्षी एका सेंटच्याही खाली उतरले. मार्च २०२२ मध्ये या खेळाशी जोडलेल्या साखळीतून ६० कोटी डॉलरहून अधिक रकमेची चोरीही झाली. ज्यांनी उसनवारीने प्राणी घेतले होते, त्यांच्याकडे प्राणी उरले आणि देणे उरले. भारतात अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून ३० टक्के आयकर आहे, आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. ज्या घरांत मुले अशा नाण्यांच्या गोष्टी करू लागली आहेत, त्यांनी हा नियम आधी वाचावा.

घरातील वडीलधाऱ्यांनी

पेढीवर बसणाऱ्या वडिलांना मुलाचा असा खेळ दिसला की पहिला उद्गार बहुधा रागाचा असतो. तो समजण्यासारखा आहे, पण त्यातून काही निष्पन्न होत नाही. जो मुलगा पडता काढतो, दलाली धरतो, भावाची तेजी-मंदी टिपतो आणि अडकलेले भांडवल ओळखतो, तो धंद्याची बाराखडी गिरवीत आहे, हे आधी मान्य करावे. त्यास वही मागावी. किती खाती, किती शुल्क, किती विक्री, किती नफा, हे लिहून दाखवण्यास सांगावे. ज्याच्याकडे वही आहे, त्याच्याशी बोलता येते. ज्याच्याकडे ती नाही, तो शेती करीत आहे असे समजतो आणि प्रत्यक्षात केवळ खर्च करीत असतो. आकडे मांडताच हे त्याचे त्यालाच कळते.

त्या वहीत एक रकाना मात्र वडिलांनी स्वतः आखून द्यावा. तो वेळेचा. पात्र आपोआप शिकते हे खरे. पण भाव पाहणे, कुप्या भरणे, दहा खात्यांच्या रांगा लावणे, रात्री उठून बाजार तपासणे यांत जाणारे तास कोणाच्याच हिशेबात नसतात. या तासांस दुकानातील नव्या नोकराच्या मजुरीचा दर लावून पाहावा. नफ्याचा आकडा बहुधा तेथेच मिटतो. त्यानंतरही मुलास खेळ आवडत असेल, तर तो करमणुकीचा खर्च म्हणून ठरावीक मर्यादेत मान्य करावा. इतर छंदांस करतो तसाच. उसने घेऊन, घरच्या कार्डावरून न विचारता, किंवा नियम मोडून इस्क बाहेर विकून मात्र मुळीच नाही.

आणि एक बोलणे फुरसतीने करावे. खेळातील पात्र वर्षभर शिकले तरी त्याची विद्या पाच लाखांच्या कुपीत भरून परक्याच्या डोक्यात जाते. मागे नांगरलेले एक रिकामे जहाज उरते. मुलगा त्याच वर्षात पेढीवर बसून मालाची पारख शिकला, जीएसटीचे विवरण भरण्यास शिकला, एखादे रुसलेले गिऱ्हाईक परत जोडण्यास शिकला, तर ते उपसण्याची कुपी अजून कोणत्याही कंपनीने काढलेली नाही. तो ती विद्या धाकट्या भावंडांस शिकवील, तेव्हाही त्याच्याकडील शिल्लक पूर्वीइतकीच राहील. या दोन खात्यांतील फरक त्याच्यासमोर आकड्यांनी मांडावा आणि निवड त्यास करू द्यावी. हिशेब समजलेला मुलगा सहसा चुकीची निवड करीत नाही.